चातुर्मासातला सॅक्सोफोन

(दृश्य: अमळनेर. लग्नाची वरात. गाडीवर भोंगे आणि कॅसिओ, पुढे ताशे, त्यांच्या पुढे आल्टो सॅक्सोफोन.)

खान्देशातल्या लग्नात पंगत उशिरा बसली तर कुणी फार बोलत नाही. बँड उशिरा आला की मात्र रुसवेफुगवे सुरू होतात. त्यामुळे लग्नसराईत अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यातल्या बँडवाल्यांना दम खायला सवड नसते. मग आषाढी एकादशी येते, चातुर्मास लागतो आणि मुहूर्त थांबतात. मधे श्रावणात कानबाई, पुढे गणपती. एरवी वाद्यं पेटीत आणि वाजवणारे शेतात.

हा सॅक्सोफोनवाला तरुण चार महिने वाद्य पेटीत ठेवत नाही. मळ्यातल्या खोलीत, मोटारीच्या स्टार्टरशेजारी मोबाइल टेकवून तो जॅझ शिकतोय.

जॅझ आणि अमळनेर, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण हे संगीत इकडे कधीच येऊन गेलंय, फक्त नाव न सांगता. 1935 मध्ये लिऑन ॲबे हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडलीडर आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्या काळातल्या मुंबईत गोव्याचे वादक हे संगीत शिकले आणि पुढे तेच वादक सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांतलाच. सी. रामचंद्रांच्या 1951 सालच्या ‘अलबेला’मध्ये त्याचा ट्रम्पेट आहे. सिनेमाची गाणी बँडवाल्यांनी कानानं उचलली, मधले पीससुद्धा जसेच्या तसे. वरातीत वाजणाऱ्या एखाद्या पीसचं मूळ कुठलं, याची चौकशी करायला नवरदेवाला वेळ नसतो.

(ध्वनी: सॅक्सोफोनवर स्केल, चढत आणि उतरत.)

मोबाइलवरचे बहुतेक धडे स्केलपासून सुरू होतात. याला ते जड गेलं नाही. लहानपणी पेटी शिकला होता, थाट, म्हणजे सात सुरांचे साचे, माहीत होते. जॅझवाले ज्याला डोरियन म्हणतात ते काफी थाटाचे सूर, मिक्सोलिडियन म्हणजे खमाजचे. पट्टीचा हिशोब तेवढा सांभाळायचा, कारण आल्टो सॅक्सोफोनवर ‘सी’ वाजवला की पेटीवरची काळी दोन ऐकू येते. बँडमध्ये वाढलेल्या पोराला हे गणित झोपेतही येतं.

सूर पाठ झाले, बोटं पळायला लागली. पण बँडमास्तरांनी ऐकलं आणि विचारलं, “गानं कोठे गयं रे भाऊ?”

प्रश्न रास्त होता. स्केल म्हणजे सुरांची यादी. यादी भरभर वाचली म्हणून बोलणं होत नाही. तरीही शिकवणारे स्केलवरच इतका जोर का देतात? मला वाटतं, स्केल कागदावर छापता येतं आणि परीक्षेत विचारता येतं, म्हणून.

निव्वळ स्केलवर निभावतं, अशी जॅझची एक जागा आहे. 1959 मध्ये माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवाल्यानं ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड केली. तिच्यातली पहिली रचना, ‘सो व्हॉट’, आपल्या भाषेत मांडायची तर अशी: सोळा बार (बार म्हणजे इथे चार मात्रांचा तुकडा) पांढरी दोनमधला काफी, मग आठ बार काळी दोनमधला काफी, आणि परत आठ बार पांढरी दोन. एवढंच. आपल्या माणसानं सुरुवात इथूनच केली आणि ती शहाणपणाची होती. सोळा बार एका जागी ठरता येतं, आलापी केल्यासारखं. नंतर सगळा काफी अर्ध्या सुरानं वर सरकतो. हा सरकण्याचा क्षण चुकला की ऐकणाऱ्याच्या दातात खडा येतो.

(दृश्य: वहीत पेनानं लिहिलेले सरगम. पेटीवर डावा हात.)

बाकीच्या जॅझमध्ये जमीन सोळा बार थांबत नाही. एका बारात सरकते, कधी दोनच मात्रांत. आपल्या रागसंगीतात तानपुरा मैफलभर एकच सा धरून असतो, कुठेही फिरा, घर तिथेच आहे. इथे मागचा कॉर्ड, म्हणजे साथीत एकदम वाजणारे तीन-चार सूर, बदलला की मघाशी गोड लागलेला सूर खटकतो.

पांढरी एक ही पट्टी धरू. जॅझमध्ये ठायीठायी येणारी तीन कॉर्डची एक साखळी आहे. पहिला कॉर्ड रे म ध सा. दुसरा प नि रे म. तिसरा सा ग प नि. सगळे सूर बिलावलचे, म्हणजे शुद्ध, बाहेरचा एकही नाही. म्हणून शिकाऊ वादक तिन्हींवर बिलावल चालवतो, चूक काही होत नाही आणि ऐकू काहीच येत नाही.

आता नीट पाहा. पहिल्या कॉर्डमधला सा दुसऱ्या कॉर्डमध्ये नाही, तिथे त्याच्या खाली नि आहे. सा अर्धा सूर उतरून नि होतो. या दोन कॉर्डमध्ये म तसाच टिकतो, पण तिसरा कॉर्ड आला की तोही अर्धा सूर उतरून ग होतो. सा पासून नि, म पासून ग. कॉर्ड बदलल्याचं कानाला कळतं ते मुख्यतः या दोन उतरणींमुळे. मागची साथ बंद केली तरी सॅक्सोफोनच्या एकट्या ओळीतून कॉर्ड कळले पाहिजेत, अशी चांगल्या सोलोची, म्हणजे एकट्यानं रंगवलेल्या तुकड्याची, एक कसोटी मानतात. ती इथे लागते.

हे दोन पायऱ्या उतरणं त्यानं पंधरवडाभर घोटलं. बाकी काही नाही. मळ्यातल्या सालदाराला वाटलं, पोरगं वाद्य विकायच्या आधी तपासून बघतंय.

(ध्वनी: सॅक्सोफोन, सावकाश: रे म ध सां, नि ध प म, ग.)

ही ओळ ऐका. रे म ध सां, हा पहिला कॉर्ड चढत. नि ध प म, दुसरा उतरत. आणि ग वर मुक्काम. मघाच्या दोन्ही उतरणी हिच्यात नेमक्या कॉर्डच्या सांध्यावर येतात. अशा तयार ओळीला जॅझवाले लिक म्हणतात. ही कुणा एकाची नाही, शेकडो सोलोंमध्ये या ना त्या रूपात सापडते. यानं ती उचलली, आधी तोंडानं गायली, मग वाजवली, मग बाराही पट्ट्यांत फिरवली.

उचलण्यात कमीपणा कसला? 1937 च्या उन्हाळ्यात कॅन्सस सिटीचा चार्ली पार्कर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा एका बँडबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात कामाला गेला. जाताना काउंट बेसी या बँडलीडरच्या रेकॉर्ड घेऊन गेला आणि त्यांतले लेस्टर यंगचे सोलो त्यानं पाठ केले. यंग टेनरवाला, म्हणजे आल्टोपेक्षा खालच्या आवाजाच्या सॅक्सोफोनवाला, पार्कर आल्टोवाला. परतला तेव्हा ऐकणाऱ्यांना तो ओळखू येईना. पुढे बीबॉप या वेगवान जॅझशैलीचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव आलं. 1974 मध्ये थॉमस ओवेन्स या संशोधकानं पार्करचे सोलो उतरवून त्यांत पुनःपुन्हा येणाऱ्या स्वरवाक्यांची यादी मांडली. म्हणजे उत्स्फूर्ततेचा बादशहासुद्धा साठ्यातलंच काढत होता. पण जोडत होता असा, की सांधा दिसू नये.

त्या काळी रेकॉर्डचा वेग कमी केला की सूरही खाली जायचे. अर्धा वेग केला की थेट एक सप्तक खाली. आता मोबाइलवर वेग निम्मा होतो आणि पट्टी हलत नाही. सोय एवढी वाढली, तरी उतरवून घ्यायचं ते कानानंच. इथे बँडवाल्याचा हात धरणारं कुणी नाही. कालचं गाणं आजच्या वरातीत पाहिजे असतं आणि नोटेशन कुणी छापून देत नाही.

लिक मुरली की मोडायची. शेवटच्या ग वर थेट न उतरता त्याला दोन्हीकडून घेरायचं: म, रे, कोमल ग, मग ग. किंवा प वरच्या कॉर्डसाठी प लाच सा मानून खमाज धरायचा. खमाजात चढताना शुद्ध नि, उतरताना कोमल. बीबॉपवाले उतरतानाच दोन्ही लागोपाठ घेतात: सां, नि, कोमल नि, ध, प, म, ग, रे. गुरुजी कान पकडतील, पण यात हिशोब आहे. सातऐवजी आठ सूर झाले, मात्रेला दोन सूर धरले तर चार मात्रांत बरोबर बसतात. आणि कॉर्डचे सूर, म्हणजे सां, कोमल नि, प, ग, चारही नेमके मात्रेवर पडतात. अधलेमधले सूर मात्रेच्या मधे. सातच सूर असते तर पुढच्या फेरीत सगळं घसरलं असतं.

उचलताना एवढं मात्र बघावं, की काही लिक वापरून वापरून पार गुळगुळीत झाल्यात. रे ग म प, ग सा रे, ही तर इतकी, की कुणी वाजवली की जगभरचे जॅझवाले एकमेकांकडे बघून हसतात. यानंही शिकून ठेवलीय. गंमत कळण्यापुरती.

(दृश्य: मळ्यातली खोली. कॅसिओ खाटेवर आडवा. दोघं वादक.)

अडचण साथीची आहे. मोबाइलमधली साथ ऐकत नाही. तुम्ही थांबलात तरी ती पुढे जाते, तुम्ही रंगलात तरी तिला पत्ता नसतो. म्हणून यंदा त्यानं बँडमधल्या कॅसिओवाल्याला मळ्यात आणलं. त्याला वरातीतले साधे तीन सुरांचे कॉर्ड येतात, चार सुरांचे म्हटल्यावर तो उठून जायला निघाला.

“चार नको, दोनच धर,” हा म्हणाला. “म आणि सा. मग म आणि नि. मग ग आणि नि.”

दोन बोटं, तीन जागा. तिसऱ्या जागेवर दोघं एकदम पोहोचले, तेव्हा कॅसिओवाल्यानं मान वर केली आणि विचारलं, हे काळी एकमध्ये कसं जाईल.