बिल काय करताय ओ?

हा ड्रॉवरचा स्टँड बघा. वहिनीच्या माहेरचा, खानापूरचा. तिच्या आधी तिच्या मावशीकडं होता, मावशी पुण्याला गेली तेव्हा टेम्पोत घालून पाठवला, आणि आता आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात पुतण्याची लंगोट-दुपटी ह्यात असतात. कंपनी कुठली विचाराल तर मागं एक स्टिकर आहे, अर्धा सोललेला, नुसतं 'मेड इन' एवढंच वाचता येतंय. पुढं कुठं मेड ते देवाला माहीत.

आता खालचे तीन ड्रॉवर मी ओढून ठेवतो. काय झालं नाही. आता सगळ्यात वरच्याच्या काठावर तळहात टेकून थोडा भार देतो... मागचे पाय बघा. उचलले की नाही? दोन बोटं तरी. दोन वर्षांचं पोर म्हटलं की ते ड्रॉवरची शिडी करून चढणारच, वर मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो नाहीतर बिस्किटाचा पुडा असतो, मग पोराचं वजन पुढं, उघड्या ड्रॉवरचं वजन पुढं आणि मागं धरायला काहीच नाही, सगळं धूड त्याच्याच अंगावर.

अमेरिकेत नेमकं असंच होऊन पोरं गेली. २०१६ च्या जूनमध्ये आयकिया ह्या फर्निचरच्या कंपनीनं तिथं २ कोटी ९० लाख ड्रॉवरवाली कपाटं रिकॉल केली, म्हणजे जाहीर सांगितलं की बाबांनो एकतर परत आणा आणि पैसे घ्या, नाहीतर भिंतीला बांधायचा किट फुकट देतो. माल्म नावाचं मॉडेल त्यात सगळ्यात बदनाम. रिकॉल म्हणजे एवढंच, विकलेला माल चुकीचा निघाला तर कंपनीनं स्वतः किंवा सरकारनं कान धरल्यावर तो परत मागवायचा.

पण मागवला म्हणून येतोच असं नाही. फिशर-प्राइस ह्या खेळण्यांच्या कंपनीचा रॉक अँड प्ले म्हणून तान्ह्या बाळांना तिरकं झोपवायचा झोळणा होता, एप्रिल २०१९ मध्ये ४७ लाख नग परत मागवले. तरी जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारी खात्याला पुन्हा ओरडून सांगावं लागलं, कारण पहिल्या रिकॉलनंतर सुद्धा कमीत कमी ८ बाळं त्यात गेली होती. कुणाच्या माळ्यावर पडलेला, कुणी बहिणीला दिलेला, कुणी जुना म्हणून स्वस्तात घेतलेला. म्हणजे जिथं बिल असतं, ईमेल असतो, तिथं ही गत.

आणि आमच्याकडं? खडे बाजारात मी पुतण्यासाठी गाडी घेतली, दुकानदाराला म्हटलं बिल द्या, तर तो माझ्याकडं असा बघतोय जसं काय मी त्याची जमीन मागितली. "बिल काय करताय ओ? काय झालं तर मी हाय की." हाय की, खरं आहे, पण उद्या त्या गाडीत खोट निघाली तर कंपनी मला शोधणार कुठनं?

वडगावच्या मंगाईच्या जत्रेतनं आणलेली ही दुसरी वस्तू, लाइटवाली शिट्टी. पाठीमागचं झाकण बघा, स्क्रूच नाही, नखानं निघतंय. आत ही बटण बॅटरी, चिंचोक्याएवढी. ही पोटात गेली तर काय होईल ते होईल, पण घशात अन्ननलिकेत अडकली तर ओलाव्यामुळं करंट चालू होतो आणि दोन तासांत आतनं जळायला लागतं. पोरगं नुसतं लाळ गाळतंय, खात नाही, एवढंच दिसतं. उलटी काढायची नाही, केळं चारायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आपल्याकडं कायदा नाही असं नव्हे. १ जानेवारी २०२१ पासनं १४ वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कजवळ सीएम/एल करून नंबर असतो, तो बीआयएसच्या, म्हणजे हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा का खोटा कळतं. चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांसारख्या हस्तकलेला त्यातनं सूट आहे, तेव्हा तिथं मार्क दिसला नाही म्हणून त्या कारागिरावर डाफरू नका. २०१९ च्या ग्राहक कायद्यात माल परत मागवायचा हुकूम द्यायला केंद्रीय प्राधिकरण पण आहे, तक्रार ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर करायची, मराठीत पण बोलता येतं आणि कन्नडात पण, आम्हा बेळगाववाल्यांची सोयच झाली.

पण तक्रार करायला वस्तू कुणाची हे सांगता यायला पाहिजे ना. ह्या स्टँडचं काय सांगू, मावशीचा आहे म्हणू?

सुताराला बोलावलं. त्यानं भिंत ठोकून बघितली आणि हसला, "मातीची हाय ओ, रॉल प्लग धरत नाही." शेवटी वरच्या तुळईपासनं खाली लाकडी पट्टी मारली आणि स्टँड मागनं तिला दोन ठिकाणी क्लॅम्पनं पकडला. तीनशे रुपये आणि एक चहा. आता भार देतो बघा... हलत नाही.

राहिला हा वॉकर. बारशाला आला होता. पुतण्या आठ महिन्यांचा असताना सोप्यातनं सुसाट निघाला आणि कट्ट्याच्या पायरीवरनं वॉकरसकट खाली, कपाळाला तीन टाके. कॅनडात २००४ पासनं वॉकर विकायलाच बंदी आहे, जुना विकायला सुद्धा, कारण हेच, पायऱ्या. आईला हे सांगितलं तर ती म्हणते, "चांगला आहे की रे अजून, निपाणीच्या ताईला पोरगी झालीय, तिला देऊया."

म्हणून सकाळी आई देवळात गेल्यावर मी त्याची आठच्या आठ चाकं पक्कडनं उपटली आणि सीट कात्रीनं कापली. परत आल्यावर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.