बारा राशींची खिडकी आणि नाशिकच्या पदव्या

[दृश्य : मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह. वरची गोल खिडकी, कॅमेरा हळूहळू जवळ]

निवेदन :
मेष, वृषभ, मिथुन, कर्क... बाहेरच्या कड्यात बारा खण, प्रत्येक खणात एक रास. नाशिकचा माणूस इथं आला की त्याची नजर आधी सिंह राशीवर जाते. गुरू त्या राशीत शिरला की आपल्या रामकुंडावर पाय ठेवायला जागा उरत नाही.

या सभागृहाचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. तो त्यांनी इंग्लंडात बसून केला. हिंदुस्थानात ते कधी आलेच नाहीत. देणगी मात्र इथल्याच माणसाची, कावसजी जहांगीर रेडीमनी यांची. 1874 साली सभागृह पुरं झालं. शेजारचं ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा 1878 सालचे, प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभे राहिलेले. मनोऱ्याला त्यांनी आईचं नाव दिलं.

[दृश्य : नाशिक, कॉलेज रोड. एचपीटी महाविद्यालयाचं फाटक, आत जाणारी मुलं-मुली]

निवेदन :
मुंबईच्या खिडकीचं कौतुक नाशिककरांनी का करावं?
एचपीटी महाविद्यालय सुरू झालं 1924 साली. पुणे विद्यापीठ स्थापन झालं 1949 साली. मधली 25 वर्षं इथल्या मुलांची पदवी मुंबई विद्यापीठाचीच होती. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1866 साली, नाशिकमध्ये एक मुलगी जन्मली : कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ती मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर झाली. पुढे ऑक्सफर्डला कायदा शिकली. इंग्लंडात शिकायला जायची जी शिष्यवृत्ती गुणांवर मिळायला हवी होती, ती केवळ बाई म्हणून तिला नाकारली गेली होती.
नाशिकमध्ये आज मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठही आहे, त्यामुळे मुंबईचं हे जुनं नातं कुणी फारसं काढत नाही. आम्हाला ते काढायचं होतं.

[दृश्य : ग्रंथालयाच्या उंच खिडक्या. लाकडी टेबलांवर पडलेले निळे-लाल कवडसे]

निवेदन :
हा निळा रंग काचेवर लावलेला नाही, तो काचेच्या पोटातला आहे. काचेचा रस भट्टीत उकळत असतानाच त्यात कोबाल्ट घालतात. लाल रंग जास्त अवघड. अख्खी काच लाल केली तर ती काळीच दिसेल, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. पिवळा येतो चांदीच्या क्षारातून. तो काचेच्या मागच्या बाजूला लावून पुन्हा भट्टीत तापवला की सोन्यासारखा उतरतो. चेहऱ्याच्या रेषा आणि वस्त्रांच्या चुण्या मात्र कुंचल्याने काढलेल्या. त्यांचा रंग म्हणजे काचेची पूड आणि धातूचं भस्म. 600 अंशांच्या वरच्या आचेत तो काचेशी एकजीव होतो.

[दृश्य : कार्यशाळा. टेबलावर सुटी केलेली चौकट, कारागिराचे हात]

निवेदन :
हे हात बघत राहा, घाई नको.
दुरुस्तीसाठी चौकट काढण्याआधी तिच्यावर कागद ठेवून ठसा घेतला जातो. काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीची प्रत्येक रेघ त्यात उतरते. तुकडे सुटे झाले की हाच नकाशा. मग जुनी शिशाची पट्टी उकलायची. पट्टीच्या दोन्ही कडांना खाच असते आणि दोन बाजूंच्या काचा त्या खाचांत बसतात. शिसं मऊ असतं. उन्हात फुगतं, थंडीत आवळतं, शंभरेक वर्षांनी दमतं आणि चौकटीला पोट येतं. त्यात मुंबईची खारी हवा. चौकटीला आधार देणारे लोखंडी गज गंजतात, गंज फुगतो आणि शेजारचा दगडसुद्धा फोडतो.

[दृश्य : कापसाचा बोळा, काचेवरून सरकणारा, काजळी निघून खालचा लाल उघडा पडतो]

धुण्याला साबण नाही. शुद्ध पाणी आणि कापूस, एकेक बोट जागा. रेषा कच्ची भाजली गेली असेल तर ती कापसाबरोबर निघून येते, म्हणून आधी कोपऱ्यात करून बघतात. तडकलेला तुकडा फेकत नाहीत, कडेला कड लावून चिकटवतात. मग नवं शिसं, सांध्या-सांध्याला डाग देऊन जोडकाम, आणि शेवटी जवसाच्या तेलात कालवलेली लांबी, म्हणजे पुट्टी, फटीत दाबून भरायची. पावसाचा थेंब आत येऊ न देणं हे त्या लांबीचं काम.

[दृश्य : मनोरा आणि ग्रंथालय, ओव्हल मैदानाकडून]

निवेदन :
ग्रंथालय आणि मनोऱ्याची दुरुस्ती 2015 साली पुरी झाली. 2018 साली युनेस्कोने तिची दखल घेतली आणि त्याच वर्षी हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

[दृश्य : नाशिक, जुना वाडा. माडीवरच्या खिडकीची अर्धगोल कमान, रंगीत तावदानं, शिडीवर सुतार]

निवेदन :
इथं शिसं नाही, सागवानी पट्ट्या आहेत. राशी नाहीत, साधे हिरवे, निळे, तांबडे तुकडे आहेत. नाशिकचे वाडे भराभर पडतायत, तावदानं भंगारात जातायत.
हा वाडा मात्र दुरुस्त होतोय. कमानीतला एक हिरवा तुकडा फुटला होता. सुतारकाकांना तसाच जुना हिरवा हवा होता, बाजारातला नवा त्यांना पसंत पडेना. शेवटी तो जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला, दुसऱ्या एका पाडलेल्या वाड्याच्या खिडकीतला. दुकानदाराने अख्खी खिडकी वजनावर दिली.