बागेतलं गाव

नमस्कार मंडळी, दिवाळी जवळ आलीय, चाळीतली पोरं किल्ल्यासाठी माती शोधत फिरतायत, आणि माती मिळणार कुठून, सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवलेत, मला तर वाटतं प्रत्येक सोसायटीने एक कोपरा मातीचा ठेवलाच पाहिजे. असो. आज सांगायचंय ते लंडनजवळच्या बीकन्सफिल्डमधल्या बेकन्स्कॉटबद्दल. 1929 पासूनचं खेळण्यातलं छोटं गाव, घराच्या बागेत बांधलेलं, लक्षात ठेवा हं, घराच्या बागेत.

मालक रोलंड कॅलिंगहॅम, लंडनमधले अकाउंटंट. यांना खेळातल्या रेल्वेचं भारी वेड. रूळ घरात. आता घरात रूळ म्हणजे काय ते आपल्या दहा बाय दहावाल्यांना सांगायला नको, झाडू कुठून मारायचा, पाय कुठे ठेवायचा! तर असं सांगतात की त्यांच्या बायकोने, म्हणजे घरच्या बाईंनी, एक दिवस स्पष्टच सांगितलं, एकतर ही रेल्वे घराबाहेर जाईल नाहीतर मी जाईन. गेली रेल्वे! बाहेर बागेत गेली, आणि बागेत नुसते रूळ कसे शोभणार, म्हणून स्टेशन आलं, स्टेशन आलं म्हणून गाव आलं, चर्च आलं, दुकानं आली, आणि पोहायचा तलाव होता ना, त्याचा झाला समुद्र. कामाला कोण, तर घरातलीच माणसं, माळी, स्वयंपाकीण, मोलकरीण, ड्रायव्हर. मला विचाराल तर त्या गावाचं अर्धं श्रेय बाईंचंच आहे, आणि ते त्यांना मोकळेपणाने द्यायला हवं.

माप एकास बारा. म्हणजे खऱ्यातला एक फूट तिथे एक इंच. झाडंसुद्धा त्याच मापात दिसायला हवीत, म्हणून सतत छाटायची, नाहीतर झुडूप चर्चच्या वर जातं, म्हणून म्हणते हे आधी माळीकाम, मग खेळणं. राणी एलिझाबेथ लहानपणी, 1934 साली, इथे येऊन गेल्या. मधे काही वर्षं नवीन इमारती घातल्या होत्या, पण 1992 मध्ये ठरलं की गाव परत 1930च्या काळातलंच ठेवायचं. बरं केलं.

तर पोरांनो, यंदा किल्ल्याला हेच माप धरून बघा, एक फुटाला एक इंच. मावळा साडेपाच इंची असेल तर दरवाजा निदान सात इंची हवा, आणि अळीव आजच पेरा.