११ वेळा सांगोला

[दृश्य: पहाटेचं सांगोला एसटी स्टँड]

सांगोला म्हटलं की अलीकडं लोकांच्या ओठावर एकच येतं: ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.’ हे म्हणणारे तिथले माजी आमदार शहाजीबापू पाटील ज्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षं निवडणुका लढत आले, त्यांच्या नावावर असा गाजलेला डायलॉग नाही. त्यांच्या नावावर ११ विजय आहेत. गणपतराव देशमुख. तालुक्याचे आबासाहेब.

जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, शिक्षणानं वकील. पहिल्यांदा आमदार झाले १९६२ ला, शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून. काँग्रेसवर नाराज होऊन बाहेर पडलेल्या मंडळींचा हा पक्ष. पण तो काढणारे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे पुढं परत काँग्रेसमध्येच गेले! गणपतराव आले ते राहिले.

आबासाहेबांविषयी कुणीही बोलायला लागलं की पहिली गोष्ट निघते ती एसटीची. आमदार असून एसटीनं फिरायचे. खरं आहे, आणि कौतुकाचंही आहे. पण एसटीनं फिरल्यावर मतं मिळत असती, तर आज एसटीत बसायला जागा मिळाली नसती.

काही जण जातीचं गणित मांडतात. तालुक्यात धनगर समाजाची मतं मोठी, आबासाहेब त्याच समाजाचे. पण हे गणित १९७२ लाही तेच होतं, तेव्हा ते पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले, तेही दोनशेच्या आतल्या मतांनी, याच शहाजीबापूंकडून. १९९९ ला परत आमदार. पडलेला माणूस दोन्ही वेळा त्याच पक्षातून, त्याच तालुक्यात उभा राहिला.

मग उत्तर कुठं शोधायचं? रानात.

[दृश्य: माळरान, कोरडं माण नदीचं पात्र, मग डाळिंबाची बाग]

हा माणदेश. पाऊस आला तर आला. मुरमाड जमीन, पहारीचा घाव घातला की ठिणगी उडावी अशी. अशा रानात खड्डे खणून डाळिंब लावलं गेलं. १९९० मध्ये राज्यानं फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात खड्डा खणायचा, रोप लावायचं, आणि त्या कामाची मजुरी रोजगार हमीतून मिळायची. दुष्काळात रस्त्यावर खडी फोडणाऱ्या हातांना स्वतःच्या बांधावर काम मिळालं. सांगोल्यानं ही योजना दोन्ही हातांनी उचलली, आणि डाळिंब तालुक्याची ओळख झाली. पुढं तेल्या आला, मर आली, डाळिंबावरचे हे रोग, कित्येक बागा उपटाव्या लागल्या, ते दुःख वेगळं. पण योजना कागदावरून रानात उतरवायला माणूस लागतो. रोजगार हमीचा जीआर आणि तालुक्याचा शिवार, दोन्ही तोंडपाठ असलेला आमदार सांगोल्याकडं होता.

मंत्री ते दोनदाच झाले. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या. म्हणजे काँग्रेसविरोधात जन्मलेल्या पक्षाचा माणूस काँग्रेसच्या मुख्यमंत्र्याशेजारी बसला. राजकारण आहे, चालायचंच. बाकी सगळी कारकीर्द मात्र बहुतेक विरोधी बाकावर.

तिथून त्यांनी धरून ठेवलं ते पाणी. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर आणि आबासाहेब, आटपाडीच्या पाणी परिषदेत हे एका मांडवाखाली बसायचे. सांगली, सातारा, सोलापूरच्या १३ दुष्काळी तालुक्यांची माणसं समोर. मागणी एकच: कृष्णेच्या पाण्यात आमचाही वाटा. कराडजवळ टेंभूला नदी अडवायची आणि पाणी टप्प्याटप्प्यानं वर उचलत या माळावर आणायचं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात एक पिढी म्हातारी झाली. ‘यंदा पाणी येणार’ हे वाक्य सांगोल्यानं किती पावसाळे ऐकलं, त्याची मोजदाद नाही. हा उशीर आबासाहेबांच्या हयातीतलाच, त्यामुळं त्याचा जाब लोक त्यांनाही विचारायचे. विचारायला ते सापडायचे, एवढं खरं.

[दृश्य: विधानभवनाचा जुना फोटो]

२०१४ ला ११ व्यांदा निवडून आले तेव्हा वय ८८ च्या घरात. २०१९ ला ते थांबले. नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. जिंकले शहाजीबापू. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबासाहेब गेले.

२०२४ ला दुसरे नातू, बाबासाहेब, शहाजीबापूंसमोर उभे राहिले आणि निवडून आले. ही मतं पक्षाची की आजोबांची, हे सांगोल्याच्या कट्ट्यावरही कुणी छातीठोक सांगणार नाही.

त्या निकालात अख्ख्या महाराष्ट्रात शेकापला एकच जागा मिळाली. सांगोला.