व्हॅन ॲलन पट्ट्यातले इलेक्ट्रॉन जातात कुठे?

(दृश्य: अंटार्क्टिका. बर्फावर एका पारदर्शक फुग्यात हेलियम भरला जातोय.)

जानेवारी २०१४. अंटार्क्टिकात उन्हाळा आहे, सूर्य मावळत नाही. इथून सुटणारा हा फुगा सुमारे ३५ किलोमीटर उंचीवर जाईल आणि ध्रुवाभोवतीच्या वाऱ्यांबरोबर तरंगत राहील. खाली लटकवलेलं उपकरण क्ष-किरण मोजतं. आकाशातून आलेले हे किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, वाटेतली हवा ते शोषून घेते. म्हणून एवढ्या उंचीवर जायचं.

नासाच्या या मोहिमेचं नाव बॅरेल. डार्टमथ कॉलेजच्या रॉबिन मिलान तिच्या प्रमुख. त्यांना हवं होतं एका जुन्या प्रश्नाचं उत्तर: पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांचे पट्टे तिच्याभोवती आहेत, त्यांना व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात; त्यांतले इलेक्ट्रॉन नाहीसे होतात, ते नेमके कुठल्या वाटेने?

(दृश्य: पृथ्वीभोवतीचे दोन पट्टे, ॲनिमेशन.)

हे पट्टे सापडले १९५८ मध्ये. एक्सप्लोरर १ उपग्रहावरचा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं उपकरण, काही ठिकाणी चक्क शून्य दाखवू लागला. जेम्स व्हॅन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधलं: कणांचा मारा इतका जबरदस्त होता की काउंटरला मोजणीच जमेना.

बाहेरच्या पट्ट्यातला एखादा वेगवान इलेक्ट्रॉन पाहा. चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो आणि परत फिरतो. ही फेरी एका सेकंदाच्या आत पुरी होते. शिवाय साधारण पाव तासात तो पृथ्वीला प्रदक्षिणाही घालतो. कुणी धक्का दिला नाही, तर हे असंच चालू राहील.

पण धक्के बसतात. सूर्याकडून वादळ आलं की पट्टा फुगेल, असं आपल्याला वाटतं. १९८९ ते २००० या काळातली २७६ चुंबकीय वादळं तपासली, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढलेले दिसले. जवळजवळ पाचातल्या एका वादळानंतर ते चक्क घटले होते. कधीकधी तर काही तासांतच पट्टा रिकामा होतो. मला या साऱ्या विषयात सर्वात विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

बाहेर पडायला वाटा दोन. पहिली वरची. सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या कणांच्या प्रवाहाचा, दाब वाढला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सूर्याकडची सीमा आत ढकलली जाते. एरवी ती पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे दहापट अंतरावर असते. ती आत सरकली, की प्रदक्षिणा घालणारे इलेक्ट्रॉन तिच्यावर जाऊन आदळतात आणि अवकाशात निसटतात.

दुसरी वाट खालची, आणि ती फार अरुंद आहे. विषुववृत्तावर इलेक्ट्रॉनची दिशा चुंबकीय रेषेशी जेमतेम चार अंशांच्या आत असली, तरच तो परत न फिरता वातावरणात घुसतो. दिशा इतकी वळवतं कोण? प्लाझ्मातल्या, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या विद्युतभारित कणांच्या वायूतल्या, लहरी. ध्वनीत रूपांतर केलं तर त्यातल्या काही पहाटेच्या पाखरांच्या किलबिलाटासारख्या ऐकू येतात. त्यांना कोरस म्हणतात. काहींचा नुसता सततचा खरखराट, म्हणून त्या हिस. प्रोटॉनमुळे उठणाऱ्या संथ लहरी सर्वाधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना पिटाळतात.

(दृश्य: दोन आलेख, एकाखाली एक.)

हवेत शिरलेले इलेक्ट्रॉन अणूंवर आदळतात, वेग गमावतात आणि क्ष-किरण सोडतात. तेच फुग्याने टिपले. त्याच सुमारास वर, पट्ट्याच्या आत, २०१२ मध्ये सोडलेले व्हॅन ॲलन प्रोब हे जुळे उपग्रह फिरत होते. वरचा आलेख उपग्रहाचा: हिसची तीव्रता. खालचा फुग्याचा: क्ष-किरण. हिस वाढली की क्ष-किरण वाढतात, ती ओसरली की तेही ओसरतात. चढउतार इतके जुळतात की खालची वाट कोण उघडत होतं याबद्दल शंका उरत नाही. आणि हा ताल एखाद्या कोपऱ्यापुरता नव्हता, पट्ट्याच्या फार मोठ्या भागात तो एकाच वेळी चालू होता.

वरच्या वाटेने गेलेले इलेक्ट्रॉन अवकाशात विखुरतात. खाली उतरलेल्यांचं काम मात्र संपलेलं नसतं. ध्रुवांजवळच्या हवेत ते नायट्रोजनची आणि हायड्रोजनची ऑक्सिजनबरोबरची संयुगं तयार करतात, आणि ६० ते ८० किलोमीटर उंचीवरचा ओझोन त्यामुळे काही काळ घटतो.