लाजलेला चार्मिडीस

प्लेटोच्या एका संवादातला हा प्रसंग. अथेन्समधली तौरियासची तालीम. इसवी सनापूर्वी ४३०च्या आसपासचा काळ. सॉक्रेटिस पोटिडियाच्या छावणीतून आदल्या संध्याकाळीच परतलाय. समोर चार्मिडीस नावाचा देखणा पोरगा आहे, आणि त्याच्यासारखा संयमी दुसरा कुणी नाही, असं त्याचा पालक क्रिटियस सांगतोय. सॉक्रेटिस पोराला सरळ विचारतो, 'काय रे, आहे का तुझ्यात हा गुण?' पोरगा लाजून लाल होतो. म्हणतो, 'नाही म्हटलं तर क्रिटियस खोटा पडतो, हो म्हटलं तर मीच माझी टिमकी वाजवल्यासारखं होतं.' आपल्याकडच्या कुठल्याही आजीने लगेच कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली असती!

पुढे तो म्हणतो, संयम म्हणजे लाजच. सॉक्रेटिस महाकवी होमरचा दाखला काढतो. भिकाऱ्याच्या वेशातला राजा ओडिसियस स्वतःच्याच घरात बसलाय, आणि त्याला निरोप जातो: गरजवंताला लाज कामाची नाही. म्हणजे लाज नेहमीच चांगली असते असं नाही.

ॲरिस्टॉटल तर याहून कडक. भीतीने माणूस पांढरा पडतो, लाजेने लाल होतो. ही शरीराची गोष्ट, तिला सद्गुण कसं म्हणायचं? तरुणांच्या हातून चुका होतात, म्हणून त्यांना ती शोभते. प्रौढाने लाजण्यासारखं काही करायचंच नाही. आपण 'विद्या विनयेन शोभते' घोकलेली माणसं, आपल्याला हे जरा टोचतं. पण आपली लायकी कमी सांगणारा त्याच्या लेखी खरा नव्हेच. मुद्दाम स्पार्टन पद्धतीचे साधे कपडे घालून मिरवणं हीसुद्धा बढाईच, असं तो म्हणतो. खादीचे कडक इस्त्रीचे कुर्ते आठवले ना?

मग प्रौढपणी सांभाळायचं कुणी? इथे मैत्री येते. त्याच्या नीतिशास्त्राच्या दहा भागांपैकी दोन अख्खे तिला दिलेत. 'युडायमोनिया'ला आपण सुख म्हणतो, पण पानात गरम भजी पडल्यावर होतं ते हे सुख नव्हे. हे आयुष्यभर नीट जगण्याचं काम. एक पाकोळी दिसली म्हणून वसंत येत नाही. आणि हे काम नीट चाललंय का, ते एकट्याला दिसत नाही. स्वतःच्या वागण्यापेक्षा दुसऱ्याचं आपल्याला जास्त स्वच्छ दिसतं, म्हणून सुखी माणसालाही मित्र लागतो. असा मित्र झटपट मिळत नाही. एकत्र मणभर मीठ खाल्ल्याशिवाय माणूस कळत नाही, अशा अर्थाची तिकडे म्हणच होती. गंमत बघा, आपल्याकडे मीठ खाल्लं की जागायचं असतं; त्यात एक वाढणारा आणि एक खाणारा. ग्रीकांचं मीठ दोघांच्या पानात सारखं.

चार्मिडीसने मीठ खाल्लं क्रिटियसबरोबर. इसवी सनापूर्वी ४०४मध्ये क्रिटियस अथेन्सवरच्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांचा म्होरक्या झाला. चार्मिडीस त्यांच्याच बाजूने अथेन्सच्या पायरियस बंदराचा कारभार बघायला. पुढच्या वर्षी तिथल्याच म्युनिकियाच्या लढाईत दोघे एकाच दिवशी पडले. हा संवाद लिहिणारा प्लेटो चार्मिडीसचा सख्खा भाचा. मामा लाजून लाल झाला, हे त्याने लिहिलं तेव्हा मामा कधीच गेलेला होता.