बघायला की मोजायला?

नमस्कार श्रोतेहो. आणि आमच्या घरच्या रीतीने, शालोम.

आज मी आमच्या बेने इस्राएल समाजाबद्दल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू समाजाबद्दल बोलणार आहे. त्यातही एकच गोष्ट. आमच्यातली म्हातारी, आजारी, एकटी राहिलेली माणसं आम्ही कशी सांभाळतो? त्यांना डबा पोचवतो, औषधं पोचवतो, हे झालंच. पण त्यांना आपल्यात मोजतो का? पुन्हा सांगते. पोचवतो, हे ठीक. मोजतो का?

आमची ओळख कोकणातल्या श्रोत्यांना करून द्यायला नको. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. अलिबागेत इस्राएल आळी आजही आहे. मुंबईत सॅम्युअल दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, बांधलं ते 1796 साली, मशीद बंदरच्या भागात.

मग 1948 साली इस्राएल देश झाला आणि घरंच्या घरं तिकडे गेली. मुलं अश्दोदला, लोदला, दिमोनाला. आज सगळ्या भारतात मिळून आम्ही पाच हजारांच्या आत आहोत. जे गेले ते बहुतेक तरुण, आणि जे राहिले त्यांतली कितीतरी माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. नारळाची वाडी आहे, घर आहे, आणि घरात एकटी म्हातारी. सांभाळण्याचा प्रश्न येतो तो इथून.

सांभाळण्याची परंपराही आमच्याकडे जुनी आहे. हाईम सॅम्युअल किहीमकर आणि त्यांच्या भावांनी मुंबईत 1875 साली मुलांसाठी शाळा काढली. तीच आजची माझगावची सर एली कदूरी शाळा. तिथे आज आमची मुलं बोटांवर मोजण्याइतकी, बाकी शेजारपाजारच्या मुसलमान आणि इतर घरांतली, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. बायकांनी 1913 साली स्त्री मंडळ सुरू केलं. वरळीला ओआरटी ही शिक्षणसंस्था आहे, तिथे मुलींना शिक्षण मिळालं, हाताला काम मिळालं. जॉइंट म्हणून ज्यूंची जी मदतसंस्था आम्ही ओळखतो, तिच्याकडून म्हाताऱ्यांना औषधपाण्याला हातभार लागतो. 2016 साली महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला. हे सगळं चांगलं आहे, आणि ज्यांनी केलं त्यांचे उपकार आहेत.

पण बाजूला ठेवलं जाणं म्हणजे काय, हेही आम्हाला ठाऊक आहे. 1962 साली इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी करा, ते खरे ज्यू आहेत का बघा. आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं. 1964 साली तिथल्या सरकारने आणि संसदेने सांगितलं, की हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत. तेव्हा कुठे ते निस्तरलं. आणि आमच्या घरात काय होतं? गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. पंगत वेगळी, सोयरीक नाही. ही आमची आमच्यातच केलेली वाटणी. ज्या समाजाने बाहेर अपमान सोसला, त्याने घरात तोच केला. हे रेडिओवर बोलू नये असं काही वडीलधाऱ्यांना वाटतं. मला वाटतं, बोलावं.

आता मी ज्याच्यासाठी आज आले ती गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वीची. अलिबाग तालुक्यातलं एक गाव; नाव घेत नाही, कारण ज्यांची गोष्ट आहे त्यांना ते आवडणार नाही. गावात जुनं सिनेगॉग, कौलारू, आत लाकडी तेबा म्हणजे प्रार्थना म्हणायचा चौथरा, वर बायकांची गॅलरी. एरवी कुलूप असतं. सणाला मुंबई-ठाण्याची माणसं येतात तेव्हा उघडतं. किप्पूरचा सण होता. तुम्हाला माहीतच असेल, वर्षातला सगळ्यांत मोठा उपास, पाण्याचा थेंबही नाही, आणि दिवसभर प्रार्थना.

आता एक नियम नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा. त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असले तर प्रार्थना म्हणता येते, पण सेफर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, हेखालातून, म्हणजे ती ठेवायच्या कपाटातून, बाहेर काढून वाचता येत नाही, कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही. नऊ विद्वान असले तरी नाही. दहा लागतात.

एक कुटुंब मुंबईहून यायचं होतं. बाप आणि दोन मोठे मुलगे. ते वडखळच्या कोंडीत अडकले. सण आदल्या संध्याकाळीच लागतो, आणि सूर्य मावळला की आमचा प्रवास बंद, म्हणून ते पेणलाच राहिले. (त्या रस्त्याबद्दल मी एवढंच म्हणेन, की कोकणच्या माणसाची इतकी वर्षं त्या रस्त्यावर गेली, त्याचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा.) सकाळी सिनेगॉगमध्ये मोजले तर पुरुष नऊ. मुकादमांनी, म्हणजे सिनेगॉगच्या कारभाऱ्यांनी, पुन्हा मोजले. नऊच.

वर गॅलरीत आम्ही बायका दहापेक्षा जास्त होतो. पण जुन्या पद्धतीत मोजतात ते पुरुष. हे मला पटत नाही आणि मी ते आमच्या मुकादमांना तोंडावर सांगितलेलं आहे. डॉक्टर जेरुशा झिराड, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, पुढे पद्मश्री झाल्या, त्यांनी 1925 साली मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन उभी केली, जिथे बायका आणि पुरुष एकत्र बसून प्रार्थना करतात. म्हणजे हा विचार आजचा नाही, जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. असो. त्या दिवशी खाली नऊ होते.

हझानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, सांगितलं, सेफर निघणार नाही. सगळे गप्प. आणि वरून, गॅलरीच्या कठड्याशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई मोठ्यांदा म्हणाल्या, “अहो, माझा दीर आहे की!”

त्यांचा दीर. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आपण त्यांना काका म्हणू. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं, कैक वर्षं अंथरुणात. घर सिनेगॉगपासून तिसरं. तिसरं घर, बरं का! दर महिन्याला मुंबईहून त्यांना तांदूळ, तेल, गोळ्या यायच्या. सणाला हलव्याची ताटली जायची. भेटायला माणसं जायची, पाच मिनिटं बसायची, तब्येत विचारायची. मदतीची प्रत्येक यादी निघाली की त्यात काकांचं नाव पहिलं. पण ते दहातले एक आहेत, हे कुठल्याच यादीत नव्हतं.

हलव्याचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकते. नव्या वर्षाचा हलवा गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचाच करावा. कॉर्नफ्लॉवर घालून अर्ध्या तासात होतो म्हणून हल्ली तसा करतात. तो हलवा नव्हे. गहू भिजवायला तीन दिवस लागतात तर लागू देत. शेजारणीला हाताशी घ्या, ढवळायला दोघी लागतातच, आणि ढवळताना जे बोलणं होतं तेही समाजकार्यच आहे.

तर, काका. मुकादम म्हणाले, “त्यांना उभं राहता येत नाही, त्यांना कसं धरायचं?” हझान तरुण होता, पण शिकलेला. त्याने विचारलं, “आमेन म्हणता येतं का?” वहिनी वरून म्हणाल्या, “उशिरा म्हणतो, पण म्हणतो.” हझान म्हणाला, “मग झालं.”

दोन माणसं आणि वहिनी त्यांच्या घरी गेली. मी वहिनींबरोबर होते. काका उठून बसले होते, उशीला टेकून. त्यांनाही किप्पूरचा दिवस ठाऊक होताच. वहिनींनी सांगितलं, “भावोजी, चला, सिनेगॉगला यायचंय.” काकांनी मान हलवली, नाही. मग तोंड वाकडं करत, एकेक शब्द जोडत ते म्हणाले, “बघायला नेताय... की मोजायला?”

श्रोतेहो, हे वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. बघायला नेताय की मोजायला. आजारी माणसाला सगळे बघायला येतात. तो समारंभाला आला तर त्याच्याकडे बघतात. त्या माणसाने एका वाक्यात सांगितलं, की मला बघण्याचा कंटाळा आलाय.

वहिनी म्हणाल्या, “मोजायला. नऊच आहेत. तुमच्यावाचून अडलंय.”

त्यांना कपडे करायला वेळ लागला. पांढरा सदरा-पायजमा. ट्रंकेतून त्यांची सिसीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, काढली, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. किप्पूरला आम्ही ओझं उचलत नाही, मग न्यायचं कसं? तो प्रश्न आम्हाला सोडवावाच लागला नाही. शेजारच्या कोळ्यांची पोरं दारात उभी होती. काय चाललंय ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी खुर्ची आणली, काकांना बसवलं आणि चौघांनी उचललं. सिनेगॉगला तीन पायऱ्या आणि वर उंच उंबरा. पोरांनी टोप्या घातल्या, आत आली, काकांना तेब्याजवळ ठेवलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. परत न्यायचं आहे म्हणून संध्याकाळपर्यंत ती पोरं आळीपाळीने तिथेच होती.

दहा झाले. हेखाल उघडलं. सेफर निघाला.

आणि मग काय झालं ते ऐका. प्रत्येक आशीर्वादानंतर आमेन म्हणायचं असतं. सगळ्यांचा आमेन एकदम यायचा, आणि काकांचा मागाहून, एकटा, जड आवाजात. पहिल्यांदा हझान पुढे गेला. दुसऱ्यांदा तो थांबला. त्यानंतर प्रत्येक वेळी थांबला. उपाशी माणसं, बाहेर ऑक्टोबरचं ऊन, प्रार्थना लांबत चाललेली, पण कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. काकांना सेफरवर आशीर्वाद म्हणायला बोलावलं तेव्हा त्यांना तेब्यावर चढता येईना. हझानने सेफर खाली त्यांच्यापाशी आणला.

दुपारनंतर एक गाणं सुरू झालं. हझानची चाल मुंबईची. काकांनी डावा हात वर केला. सगळ्यांना वाटलं, दमले, घरी जायचंय. काकांनी मान हलवली आणि चाल म्हणायला लागले, वेगळीच. त्यांचे वडील त्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचे, त्यांची ती कोकणातली चाल. शब्द फुटत नव्हते, पण सूर पक्का होता. गॅलरीतल्या दोन म्हाताऱ्यांना ती आठवली, त्या वरून म्हणू लागल्या. हझान गप्प बसून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी, ज्याला आमच्यात शिळा सण म्हणतात, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा दिवस, तो हझान फोन घेऊन काकांच्या घरी गेला आणि त्याने ती चाल उतरवून घेतली. मदत द्यायला नाही, घ्यायला गेला.

एवढी गोष्ट.

त्यानंतर गावात काही बदललं ते थोडक्यात सांगते. तीन पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार झाला. उंबरा ठेवला, पण त्यावर फळी टाकतात. लाकडी खुर्ची आणली, हाताची, रुंद. प्लास्टिकची खुर्ची आजारी माणसाला देऊच नये, पाय फाकतात तिचे, आणि माणूस धास्तावून बसतो. मलिदा म्हणजे आमचा नवसाचा, आभाराचा विधी. त्याच्या वेळी आता आधी विचारतात, कोणाला येता येत नाही, आणि त्याच्या घरीच मलिदा करतात. पोहे, गूळ, नारळ सगळं तिथेच. एलियाहू हानाबी या प्रेषिताचं स्तवन तिथेच. पूर्वी त्या घरी फक्त वाटा पोचायचा. आता सगळी माणसं जातात, आणि नारळ खवायला त्या घरच्या म्हातारीलाही बसवतात.

मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगांतल्या कार्यकर्त्यांना मी हेच सांगते. पाकिटं पोचवा, ती लागतातच. पण यादी करताना नावापुढे काय द्यायचं हे लिहिता, तसं एक आणखी लिहा: या माणसाकडून आपल्याला काय हवं आहे? कुणाला जुन्या चाली येतात, कुणाला मराठी कीर्तनं पाठ आहेत, कुणाला हिब्रू अक्षरं शिकवता येतात, कुणाला निदान फोन करता येतो. काय द्यायचं, आणि काय मागायचं. दोन्ही लिहा.

फोनचं काम त्या गावात आता काकाच करतात. सणाच्या आधी डाव्या हाताने नंबर लावतात आणि मुंबई-ठाण्याच्या घरांना विचारतात, कोण येणार, किती पुरुष, किती बायका. हो, बायकाही विचारतात; वहिनी शेजारी बसून ते लिहायला लावतात. त्यांचं बोलणं सावकाश आहे, मधेच फोन ठेवू नका. आणि सणाला कोकणात येणार असाल तर एक दिवस आधी निघा, वडखळचा भरवसा नाही.

नमस्कार.